जावयाच्या वडिलांचे नाव

बुकित पंजांग, सिंगापूर
६ जुलै २०२४

इरा,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण तू ते घेशील की नाही याची खात्री नाही, म्हणून तूर्त माझ्याकडेच ठेवते.

कागदावर लिहितेय, कारण तू माझा नंबर बंद केलायस आणि ईमेल न उघडताही पुसून टाकता येते. पाकीट निदान फाडावं तरी लागतं. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी सव्वीस वर्षं कंपन्यांच्या सभांची मिनिट्स लिहिली. रिटायर होऊन वर्ष झालं, तरी त्या भाषेत मला ठराव सोडून काही लिहिता येत नाही. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. दर शनिवारी रडत रडत शिकलीस ते मराठी कधीतरी कामाला यायला हवं.

नोव्हेंबरच्या शेवटी बाळ येणार हे मला कळलंय. बाबाने सांगितलं नाही, मी ओळखलं. रोज साडेसातला तो कचरा टाकायला खाली जातो. आपल्या स्वयंपाकघरातच कचरा टाकायची झडप आहे, तरी हा फोन घेऊन खाली जातो, तळमजल्याच्या मोकळ्या व्हॉइड डेकमधल्या बाकावर बसतो आणि चाळीस मिनिटांनी हसऱ्या चेहऱ्याने वर येतो. परवा वर येऊन त्याने मला विचारलं, डिंकाच्या लाडवांना डिंक किती लागतो? एवढ्यावरून न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही.

पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं. तू माहेरी येणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. मग मला तिकडे, ॲबर्डीनला येऊ दे. दोन वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

आणखी एक. पुण्याच्या पद्माकरकाकांनी खांबेटे कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायला घेतली आहे. घराण्यातल्या सगळ्यांची नावं त्यात येतात, तसा त्यांचा फॉर्म आलाय. कन्येचे नाव, जावयाचे नाव, जावयाच्या वडिलांचे नाव, मूळ गाव. सप्टेंबरअखेर पुस्तक छपाईला जाणार. त्या फॉर्मसाठी जावई म्हणून युअनची माहिती हवी, त्यासाठी मी मे महिन्यापासून स्कॉटलंडच्या जुन्या नोंदी बघतेय. तिकडच्या चर्चची दप्तरंही आता घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात. दुसरा काही हेतू नाही.

आई

२१ जुलै २०२४

इरा,

तुझा निरोप बाबाने आणला. शब्दशः आणला, त्यात त्याने साखर घातली नाही. "आईला सांग, यायचं नाही. त्या दिवशी तिने युअनला काय काय विचारलं ते आधी आठवायला सांग."

मला आठवतंय. त्याबद्दल नंतर लिहीन.

आधी शोधाचं सांगते. युअनने त्या दिवशी सोफ्यावर बसून एवढंच सांगितलं होतं, की आई तो आठ वर्षांचा असताना गेली, आणि आईच्या वडिलांनी, विल्यम रेनी गेडिस यांनी, त्याला ऑकनेल नावाच्या गावात वाढवलं. ते सुतार होते. विल्यम रेनी गेडिस हे नाव मी वहीत लिहून ठेवलं होतं. तू म्हणशील, तेव्हा तर तू रागावली होतीस. रागावले होते, पण सभेत जे बोललं जातं ते टिपून घ्यायची सवय जात नाही.

आता विल्यम रेनी गेडिस म्हटल्यावर आपण काय समजणार? स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मी दीड महिना रेनी गेडिस नावाचा माणूस शोधला. अख्ख्या परगण्यात रेनी नावाचा बाप नाही. विल्यम मात्र सापडत होता. १९१९चा जन्म, ऑकनेल, बाप सुतार. पण बापाचं नाव जॉर्ज. म्हणून मी तो कागद तीनदा बाजूला टाकला. आपला विल्यम तो नव्हे.

शेवटी पाचव्या मजल्यावरच्या मिस्टर कोह यांना दाखवलं. ते शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या कुळाची चीनमधून आलेली पोथी आहे, एकवीस पिढ्यांची. हॉकर सेंटरमधल्या कॉफीच्या टपरीवर कोपी पिता पिता त्यांनी माझी वही बघितली आणि म्हणाले, "अय्या मिसेस खांबेटे, बापाचं नाव मधे कोण घालतं? मधलं नाव अख्ख्या पिढीचं असतं, लाह. सगळ्या भावांचं सेम. रेनी नावाचे भाऊ शोधा."

मग आठवडाभर आम्ही दोघांनी रेनी नावाचे भाऊ शोधले. तेही नव्हते. विल्यमच्या भावंडांपैकी एकाचं मधलं नाव टेलर, एकाला मधलं नावच नाही. मिस्टर कोह त्या घराण्यावर नाराज झाले. शिस्त नाही म्हणाले.

बाळाच्या आईने पाय वर करून बसावं. बाबा सांगत होता, तुझे पाय सुजतात.

आई

१८ ऑगस्ट २०२४

इरा,

उलगडलं. रेनी हे विल्यमच्या आईचं माहेरचं आडनाव. तिकडे आईचं आडनाव मुलाच्या नावात मधे घालतात. तो कागद मी तीनदा टाकला, त्यावर खाली तिचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. मी बापाच्या ओळीखाली बघितलंच नाही.

आणखी एक गंमत. तिकडच्या जुन्या नोंदींत बाईचं नाव लग्नानंतरही माहेरचंच लिहितात. थडग्याच्या दगडावरसुद्धा. मी लग्नाआधी संजीवनी साठ्ये होते. तांदळाच्या ताटात अंगठीने सुलेखा लिहिलं आणि संजीवनी संपली. कुलवृत्तांतात माझं जुनं नाव कंसात आहे, तेही चुकीचं छापलंय. मला याचं कधी काही वाटलं नव्हतं. आताही फार वाटत नाही, पण त्या दगडांचे फोटो मी जरा जास्त वेळ बघितले.

पुढे गाडी भराभर गेली. विल्यम, त्याचा बाप जॉर्ज, त्याचा बाप जेम्स. १८५५च्या आधी सरकारी नोंदी नाहीत, मग गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही बघायची. जेम्सचा बाप १८२६चा, त्याचंही नाव जॉर्ज, आणि त्या जॉर्जचा बाप अलेक्झांडर. विल्यमपासून पाच पिढ्या झाल्या. त्या अलेक्झांडरचा बाप शोधायला गेले आणि गेल्या मंगळवारी ही ओळ सापडली. मिस्टर कोह भिंग घेऊन आले होते, त्यांनी अक्षर लावून दिलं.

"इसोबेल गेडिस हिचा मुलगा, अलेक्झांडर. जन्म १७९५. बाप्तिस्मा १७९७. अलेक्झांडर गेडिस बाळाला हातात धरून उभा राहिला."

बापाचं नाव नाही. आजूबाजूच्या सगळ्या ओळींत बापाचं नाव पहिलं आहे, त्याचा धंदा आहे. या एका ओळीत नाही. म्हणजे गेडिस हे आडनाव युअनच्या घराण्यात कुठल्या पुरुषाकडून आलेलंच नाही. इसोबेलकडून आलंय.

आता खरं लिहायचं तर लिहिते. ती ओळ वाचून मला आनंद झाला. मिस्टर कोह निघून गेल्यावर मी चहा केला आणि मनात म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हते? मूळच तसं. दुसरा काही हेतू नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. मी हेच शोधत होते. तुला दाखवायला.

मग चहा प्यायले, पण तो आनंद काही टिकला नाही. बाळाला दोन वर्षं का थांबवलं, आणि त्याला धरून उभा राहिलेला हा अलेक्झांडर कोण, हे डोक्यातून जाईना. तिकडे चर्चच्या पंचांची सभा भरायची आणि तिची मिनिट्स ठेवत. ती ऑकनेलचीही आहेत म्हणे. मिनिट्स म्हटल्यावर मी काही सोडणार नाही.

आई

१ सप्टेंबर २०२४

इरा,

हे पत्र बसून वाच.

मिनिट्स वाचून झाली. मिस्टर कोह सकाळी नऊला येतात, भिंग लावतात, एकेक शब्द मोठ्याने वाचतात, मी लिहून घेते. चौदा पानं व्हायला दोन आठवडे लागले. अक्षर घाणेरडं आहे, पण मिनिट्स चांगली आहेत. लिहिणाऱ्याने आपलं मत कुठे घुसवलेलं नाही.

पहिली सभा मार्च १७९५. इसोबेल गेडिस, वय एकोणीस, मोलकरीण, हिला बोलावलं. दिवस गेलेत का विचारलं. हो म्हणाली. बाळाचा बाप कोण विचारलं. सांगणार नाही म्हणाली.

दुसरी सभा एप्रिल. बाप कोण? सांगणार नाही.

तिसरी सभा मे. बाप कोण? सांगणार नाही. मग ठराव झाला, की तिने तीन रविवार सगळ्या गावासमोर उभं राहायचं, आणि नाव सांगेपर्यंत बाळाचा बाप्तिस्मा होणार नाही.

नवीन मुलींना मिनिट्स शिकवताना मी नेहमी सांगायचे, कोण काय बोललं ते मागाहून बघा, आधी वरची उपस्थितांची यादी वाचा. ती मी वाचली. पाळकबुवा आणि पाच पंच. त्यांतलं तिसरं नाव अलेक्झांडर गेडिस, विणकर. पहिल्या सभेत लिहिणाऱ्याने त्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, "सदर इसोबेलचा पिता."

म्हणजे तिचा बाप समोरच्या बाकावर बसला होता, विचारणाऱ्यांत.

पहिल्या सभेला तो हजर, दुसरीला हजर, तिसरीला हजर. ठराव झाला तेव्हा हजर. त्यानंतर जूनच्या सभेत त्याचं नाव नाही. जुलैत नाही. मी पुढची दोन वर्षं वाचली, त्याचं नाव पुन्हा नाही. राजीनामा नाही, गैरहजेरीचं कारण नाही, काढून टाकल्याचा ठराव नाही. माणूस नुसता यायचा थांबला. आणि मग सप्टेंबर १७९७. पाळक बदललेले. इसोबेलने नाव सांगितलेलं नाहीच, तरी बाप्तिस्म्याला परवानगी. बाळ कोण धरणार? अलेक्झांडर गेडिस, विणकर. ज्या गावासमोर लेकीला उभं केलं त्याच गावासमोर तो नातवाला घेऊन उभा राहिला. त्या पोराला त्याचंच नाव दिलंय.

मिस्टर कोह यांनी भिंग पुसलं आणि म्हणाले, "आमच्या पोथीत अशा बायका नाहीत, मिसेस खांबेटे. पानं फाडलेली आहेत." मग लिफ्टने खाली गेले.

मी त्या दिवशी जेवले नाही. बाबाने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, त्या सोफ्यावर बसू नकोस.

आई

१५ सप्टेंबर २०२४

इरा,

मिनिट्सचा एक नियम आहे. एकदा मंजूर झालेली ओळ खोडता येत नाही. चुकीची असली तर पुढच्या सभेत दुरुस्ती नोंदवायची, आणि जुनी ओळ तशीच राहते, सगळ्यांना दिसेल अशी. तेव्हा मी दुरुस्ती नोंदवते.

सभा मे २०२२, रविवार दुपार, आपला हॉल. उपस्थित: मुकुल, सुलेखा, इरा, युअन. युअनला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं. ठाऊक नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, आईने कधीच सांगितलं नाही? नाही म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं, शोधावंसं वाटलं नाही? तो म्हणाला, त्याची कधी गरज पडली नाही, आजोबा होते. त्यावर सुलेखा म्हणाली, ज्याला स्वतःचा बाप ठाऊक नाही त्याला मी जावई कशी म्हणू? हे वाक्य तिने इंग्रजीत म्हटलं. मराठीत म्हटलं असतं तर त्याला निदान कळलं नसतं. त्याला कळावं म्हणूनच ती इंग्रजीत बोलली.

मुकुल उपस्थित होता पण काही बोलला नाही. लग्नाला जायचं म्हणत होता, त्याला मी जाऊ दिलं नाही. तो खाली बाकावर जाऊन बसतो ते त्यामुळे.

आता त्याहून वाईट. पद्माकरकाकांचा फॉर्म अजून भरायचा बाकी आहे असं मी जुलैत तुला भासवलं. तो मी एप्रिलमध्येच भरून पाठवला होता. तुझ्या नावापुढे मी "अविवाहित" लिहिलं. जावयाच्या चौकटीत आडवी रेघ मारली. तुझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि पोटात बाळ राहिलं होतं हे मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी तेच लिहिलं असतं. छापलं गेलं असतं तर तुझं मूल आमच्या पुस्तकात कुठेच बसलं नसतं. त्या इसोबेलच्या पोराला निदान एक ओळ तरी मिळाली.

मी चुकले, इरा. युअनचं मन दुखावलं, आणि तुझा संसार कागदावरून पुसून टाकला. मला याची लाज वाटते.

काल काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं सुलेखा, वडिलांचं नाव नाही म्हणजे कसं? निदान रेघ मार. लोक वाचतात." मी म्हटलं, काका, रेघ मारून झाली, आता खरं छापा. बरेच कुरकुरले. शेवटी मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं:

"कन्या इरा. जावई युअन गेडिस. जावयाच्या वडिलांचे नाव: ठाऊक नाही. आजोबा विल्यम गेडिस यांनी वाढवले. मूळ गाव: ऑकनेल, स्कॉटलंड."

सोबत युअनसाठी एक वेगळं पाकीट आहे. इंग्रजीत आहे. ठरावासारखं झालं असेल तर त्याला सांभाळून घ्यायला सांग. इसोबेलची पानंही घातली आहेत, ती त्याची आहेत. मी तो शोध वाईट मनाने सुरू केला, हेही त्यात लिहिलंय.

येऊ का, हे आता विचारत नाही. बाळाला हातात धरून उभं राहायला कोणी हवं असेल तर मी आहे, एवढं नोंदवून ठेव.

आई

६ ऑक्टोबर २०२४

इरा,

काल साडेसातला बाबा खाली गेला नाही. फोन हॉलमध्ये वाजला, त्याने तो उचलला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं तू असशील. युअन होता.

मी आधी माफी मागितली. पाकिटात लिहिली होती तरी तोंडाने मागितली. तो म्हणाला, "वाचलं, मिसेस खांबेटे."  मी पुढे काही विचारलं नाही. न विचारता राहणं मला जमतं हे मला माहीत नव्हतं.

मग त्याने विचारलं, तो अलेक्झांडर बाळ धरून उभा राहिला तेव्हा किती वर्षांचा असेल? मी म्हटलं, पन्नाशीचा, साधारण. तो म्हणाला, ऑकनेलच्या शाळेत त्याच्या पहिल्या दिवशी फॉर्मवर वडिलांचं नाव विचारलं होतं. आजोबांनी खिशातली सुताराची पेन्सिल काढली, त्या जागी लिहिलं, "मी आहे," आणि खाली सही केली. बाईंनी काही विचारलं नाही. एवढं सांगून तो म्हणाला, "त्या फॉर्मचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं."

मला रडू आलं. बाबाने फोन घ्यायला हात पुढे केला, मी दिला नाही.

शेवटी युअनने एक कागद वाचून दाखवला. तू हाताने लिहून दिलेला असणार, कारण उच्चार तुझ्या शनिवारच्या वर्गातले होते. डिंक. अळीव. बाळंतशोपा. म्हणाला, यातलं इथे काही मिळत नाही, इराने तुम्हाला आणायला सांगितलंय. मी म्हटलं, तिने स्वतः का नाही सांगितलं? हा प्रश्न तोंडातून गेलाच, सवय आहे. त्याच्या मागे तू हसलीस ते मला ऐकू आलं. दोन वर्षांनी ऐकलं.

तिकीट सतरा नोव्हेंबरचं काढलंय, दोघांचं. बाबाने नवी बॅग आणली आणि तिच्यात पहिल्यांदा स्वतःची टोपी ठेवली. मिस्टर कोह यांनी स्वतःचं भिंग दिलंय, ऑकनेलच्या थडग्यांवरची अक्षरं वाचायला. त्यांनी आता त्यांच्या पोथीच्या फाटलेल्या पानांची चौकशी सुरू केली आहे. त्यांचे चुलतभाऊ चिडलेत म्हणे.

वंशावळीचा मोठा कागद मी गुंडाळून आणतेय. सगळ्यात वर विणकर अलेक्झांडर आणि त्याची इसोबेल आहे. इसोबेलच्या शेजारच्या चौकटीत मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते आज खोडलं. चौकट रिकामी आहे, तशीच राहील. सगळ्यात खाली एक चौकट आखून ठेवली आहे, तिच्यात तुम्ही दोघांनी लिहायचं.

आज लिटल इंडियात जाऊन अर्धा किलो डिंक आणला. एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर तूच द्यायचंस, युअनकरवी नाही. तूप विमानातून न्यायला बंदी आहे असं बाबा म्हणतो. तुमच्याकडे चांगलं तूप मिळतं का?

पहिल्या पत्रात राखून ठेवलेले आशीर्वाद यासोबत पाठवते. तिघांना.

आई